जँगोनंतरची जिप्सी जॅझ गिटार: जिवंत वारसा नेमका कुठे आहे?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

जिप्सी जॅझचा, म्हणजे युरोपातील रोमा (जिप्सी) वादकांनी घडवलेल्या जॅझचा विषय निघाला की बोलणे गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हातापाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. ती हकिकत आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे जाता येईल. जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधील लिबेर्शी या गावी, मानुश या रोमा समाजातील एका फिरत्या कुटुंबात झाला. पॅरिसच्या वेशीबाहेरच्या तांड्यांवर तो वाढला आणि पोरवयातच नाचघरांतील अ‍ॅकॉर्डियनवादकांना बँजोची साथ करून पैसे मिळवू लागला. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. बायकोने विक्रीसाठी करून ठेवलेली सेल्युलॉइडची फुले भडकली आणि त्या आगीत डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली. पुढे १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली आणि तो मिळून ‘हॉट क्लब द फ्रान्स’ या नावाचे पंचक उभे राहिले, आणि १६ मे १९५३ रोजी सामवा-स्युर-सेन येथील घराजवळ कोसळून, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी जँगो गेला.

यातले काहीच खोटे नाही, पण या हकिकतीमुळे एक गैरसमज पसरतो, की हे संगीत म्हणजे एका विलक्षण माणसाचा चमत्कार होता आणि तो माणूस गेल्यावर उरल्या त्या केवळ आठवणी. प्रत्यक्षात आज हॉलंड, फ्रान्सचा अल्सास प्रांत, जर्मनी, बेल्जियम आणि पॅरिसच्या उपनगरांत हे संगीत रोज वाजते, आणि ते वाजवणाऱ्यांपैकी कित्येकांचा जन्म जँगोच्या मृत्यूनंतर अर्धशतक उलटल्यावर झालेला आहे. माझे म्हणणे असे आहे की हा वारसा त्या दोन बोटांच्या करामतीतून टिकलेला नाही. तो टिकला साथीच्या गिटारमुळे, म्हणजे ज्या वाजवणाऱ्याचे नाव आपण ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर वाचतही नाही त्याच्यामुळे.

मूळ पंचकात ड्रम नव्हता. जँगो, ग्रापेली, बासवर लुई व्होला, आणि साथीला दोन गिटार: एक जँगोचा भाऊ जोसेफ आणि दुसरा रोजे शापू. ड्रमचे सगळे काम या दोन गिटारांनी उचलले, आणि त्यातून जी पद्धत रूढ झाली तिला ‘ला पॉम्प’ म्हणतात. चार मात्रांपैकी पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर खर्जाच्या तारांवर आघात, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर सर्व तारांवर तोडलेला, कोरडा आघात (डाव्या हाताची पकड ताबडतोब सैल करून नाद मारायचा), आणि पहिल्या-तिसऱ्या मात्रेच्या अगदी आधी खालून वर जाणारा एक निसटता फटका. कागदावर हे फार सोपे दिसते. मात्र मिनिटाला दोनशेहून अधिक मात्रांच्या गतीत दहा मिनिटे हे न ढळता वाजवणे म्हणजे काय, ते हातात गिटार घेतल्याशिवाय कळत नाही.

रोझेनबर्ग त्रयीचे उदाहरण घ्या. सगळे स्टोखेलो रोझेनबर्गच्या तानांविषयी बोलतात. परंतु त्याचा चुलतभाऊ नूशे त्याच्याशेजारी बसून जी लय देतो, ती काढून घेतली तर स्टोखेलोच्या त्या मोत्यांसारख्या ताना अधांतरी लोंबकळतील. बासवर नूशेचा सख्खा भाऊ नॉनी. तिघेही एकाच घरच्या बैठकीतून आलेले. जाणकारांनी आपापली मते, आवडीनिवडी आणि आक्षेप अवश्य मांडावेत.

शंकासुर

धागा उत्तम आहे, पण शीर्षकातील ‘जिवंत’ या शब्दाला माझी हरकत आहे. तीच अंडाकृती छिद्राची गिटार, तेच १९३७ चे ‘मायनर स्विंग’, त्याच चढत्या डिमिनिश्ड आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकापाठोपाठ एक वाजवणे), आणि अनेकांच्या ओठांवर तशाच बारीक मिशासुद्धा! एखाद्या वादकाने जँगोची मुद्रित तान जशीच्या तशी वाजवली की श्रोते टाळ्या वाजवतात. कलावंताला याहून मोठी शिक्षा कोणती असेल?

स्वतः जँगो असा मुळीच नव्हता. १९४० मध्ये ‘न्युआज’ ध्वनिमुद्रित करताना त्याने व्हायोलिनऐवजी क्लॅरिनेट घेतली आणि ड्रम घेतला. १९४६ मध्ये ड्यूक एलिंग्टनसोबत अमेरिकेचा दौरा केला तेव्हा तो विजेवरची गिटार वाजवत होता. अखेरच्या दोन-तीन वर्षांतील त्याची ध्वनिमुद्रणे ऐकली तर बीबॉपची, म्हणजे त्या काळच्या नव्या अमेरिकन जॅझची भाषा त्याने किती आपलीशी केली होती ते स्पष्ट ऐकू येते. म्हणजे ज्याचा वारसा म्हणून आपण १९३७ साल गोठवून ठेवले आहे, तो माणूस स्वतः १९३७ मध्ये थांबायला तयार नव्हता. ज्यांनी त्याची शैली सोडून दिली, तेच त्याचे खरे वारस नव्हेत काय?

तालबद्ध

शंकासुर यांचा आक्षेप संगीतापुरता योग्य आहे. परंतु ‘गोठवले’ असे म्हणण्यापूर्वी हे संगीत कोणी जपले आणि कोणत्या परिस्थितीत जपले, हे पाहिले पाहिजे. नोकरीनिमित्त माझे वास्तव्य अल्सासमधील स्ट्रासबूर्गला आहे, त्यामुळे या बाजूविषयी थोडे लिहिते.

नाझी राजवटीत युरोपातील रोमा आणि सिंती (रोमांचीच, मुख्यतः जर्मन प्रदेशातील शाखा) लोकांचा वंशसंहार झाला. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आहेत. फ्रान्समध्येही फिरत्या कुटुंबांना छावण्यांत डांबण्यात आले होते आणि त्यांतील शेवटची माणसे युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये सुटली. या गोष्टीची जबाबदारी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मोंत्रई-बेले येथील छावणीच्या जागी जाऊन स्वीकारली ती २०१६ मध्ये. जँगोला त्याच्या कीर्तीमुळे जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये वाजवत राहता आले, तरीही १९४३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडला निसटण्याचा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता.

अशा संहारातून वाचलेल्या जर्मन सिंती समाजात युद्धानंतर उघडपणे आपले संगीत घेऊन व्यासपीठावर जाणे ही साधी गोष्ट नव्हती. १९६७ च्या सुमारास श्नुकेनाक राइनहार्ट या व्हायोलिनवादकाने आपले पंचक उभारले आणि जँगोच्या धर्तीचे जॅझ, हंगेरियन चार्दाश नृत्यसंगीत आणि सिंती भाषेतील गाणी एकत्र करून जर्मन श्रोत्यांसमोर मांडली. त्या पंचकातून आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकांतून जर्मनीतील पुढच्या दोन पिढ्यांना मार्ग मिळाला. बेल्जियममध्ये १९७० च्या दशकात फापी लाफर्टिन आणि ‘वासो’ या संचाने तेच काम केले. जँगोची तान जशीच्या तशी वाजवणे हे या लोकांसाठी केवळ अनुकरण नव्हते. हा आमचा माणूस होता आणि आम्ही अजून आहोत, असे जाहीरपणे सांगण्याची ती एक रीत होती.

आमच्या शहराच्या दक्षिणेला नॉयहोफ नावाची वस्ती आहे. गाड्यांवरचे फिरते जीवन सोडून स्थायिक झालेली अनेक मानुश कुटुंबे तिथे राहतात. चावोलो श्मिट आणि मांदिनो राइनहार्ट यांची नावे या परिसराशी जोडलेली आहेत, आणि वस्तीतील सभागृहालाही जँगोचेच नाव आहे. हे संगीत तिथे ‘जुने’ म्हणून ऐकले जात नाही. लग्न असो, नामकरण असो की रविवार दुपार, गिटार असतेच. घरातील मुलांना कोणी बसवून शिकवत नाही. मूल आधी तासन्‌तास साथ वाजवते, आणि मामा किंवा काका थकला म्हणजे मग त्याला कधीतरी पुढे वाजवायला मिळते.

मंद्रसप्तक

तालबद्ध यांचे मनापासून आभार. ‘आधी साथ, मग ताना’ हा क्रम माझ्या मूळ मुद्द्याचा गाभा आहे.

शंकासुर यांना उत्तर म्हणून एकच नाव पुरेसे आहे: बिरेली लाग्रेन. १९६६ मध्ये अल्सासमधील मानुश कुटुंबात जन्मलेल्या या मुलाची पहिली ध्वनिमुद्रिका १९८० मध्ये निघाली. त्या वयात त्याच्या हातात जँगो इतका मुरलेला होता की ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत. याच वाटेवर राहून तो आयुष्यभर सुखाने जगू शकला असता. त्याऐवजी त्याने ती बाजूला ठेवली, विजेवरची गिटार घेऊन फ्यूजनकडे, म्हणजे जॅझ आणि रॉकच्या मिश्रणाकडे वळला, १९८६ मध्ये बासवादक जॅको पास्टोरियससोबत युरोपचा दौरा केला, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘जिप्सी प्रोजेक्ट’ घेऊन घरी परतला तेव्हा या मधल्या वर्षांत मिळवलेले सगळे त्याच्या तानांत उतरलेले होते. त्या संचात साथीला ओनो विंटरश्टाइन होता. पुन्हा माझा हट्ट: बिरेलीच्या त्या मुद्रणांतील केवळ ओनोचा उजवा हात ऐकत एकदा संपूर्ण तबकडी ऐकावी.

शिवाय नव्या रचनाही कमी नाहीत. दोरादो श्मिटची ‘बोसा दोरादो’, स्टोखेलोची ‘फॉर सेफोरा’ आणि बिरेलीची ‘मेड इन फ्रान्स’ या तिन्ही जँगोनंतरच्या पिढीच्या रचना आहेत, आणि आज जगभरातील बैठकींत त्या ‘मायनर स्विंग’इतक्याच हक्काने वाजतात. पहिलीत तर ब्राझीलच्या बोसाची लय आहे. गोठलेल्या संगीतात अशी आवक होत नाही.

मिशांच्या बाबतीत मात्र शंकासुर यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

लाकूडकाम

वाद्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. इटालियन कारागीर आणि गिटारवादक मारियो माकाफेरी याने पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी १९३२ मध्ये या गिटारची रचना केली. पहिल्या वाद्यांचे छिद्र मोठे, इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचे होते आणि आत एक वेगळी नादपेटी बसवलेली होती. माकाफेरी वर्ष-दीड वर्षातच कंपनीतून बाहेर पडला. त्यानंतर आतील पेटी गेली, छिद्र लहान व अंडाकृती झाले, आणि जँगोच्या हातात आपण जी पाहतो ती गिटार तयार झाली. १९५२ पर्यंत कंपनीने एक हजाराहून कमी गिटार बनवल्या, त्यामुळे आज मूळ वाद्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. पुढे फाविनो आणि बुसातो या कारागिरांनी ही परंपरा चालवली, आणि मानुश वादकांपैकी अनेकांच्या हातात सेल्मरपेक्षा त्यांचीच वाद्ये अधिक दिसतात.

हे वाद्य असे का वाजते, ते समजून घेण्यासारखे आहे. स्प्रूसची पातळ छाती पुलाखाली किंचित बाक देऊन बसवलेली असते. तारा पुलावरून पुढे जाऊन शेवटच्या पट्टीला अडकतात, म्हणजे तारांचा दाब छातीवर उभा पडतो. त्यामुळे नाद पटकन उसळतो आणि पटकन विरतो. बंद दिवाणखान्यात एकट्याने वाजवणाऱ्याला तो कर्कश वाटू शकेल, पण ध्वनिवर्धक नसलेल्या नाचघरात अ‍ॅकॉर्डियन आणि पावलांच्या आवाजातून गिटार पलीकडे पोहोचवायची असेल तर असाच नाद हवा. पाठ आणि बाजू एकसंध लाकडाच्या नसून थर चिकटवून केलेल्या असतात. तारा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याने गुंडाळलेल्या, बऱ्याच हलक्या वजनाच्या, आणि बोटांच्या पट्टीपासून चांगल्या उंच ठेवलेल्या असतात.

उजव्या हाताविषयी एक गोष्ट जोडतो. मनगट वाकलेले, हात गिटारच्या अंगाला न टेकलेला, आणि खालच्या दिशेचा आघात झाल्यावर नखी (तारा छेडायचा तुकडा, पिक) पुढच्या तारेवर विसावते. तार बदलली की आघात पुन्हा वरून खालीच करायचा, मग आधीचा आघातही खालचाच का असेना. इतर शैलींतून आलेल्या वादकांना या एका नियमासाठी आपला हात नव्याने घडवावा लागतो.

जँगोची ५०३ क्रमांकाची सेल्मर पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. मृत व्यक्तीच्या वस्तू जाळून टाकण्याची परंपरा ज्या समाजात आहे, त्या समाजातील एका विधवेने ती गिटार संग्रहालयाला दिली, ही घटना मला त्या वाद्याइतकीच मोलाची वाटते.

नवशिका_सातारा

सर्व प्रतिसाद वाचून फार माहिती मिळाली. दोन प्रश्न आहेत. पहिला: रोमा लोक मुळात भारतातून गेले असे वाचले आहे, मग या संगीतात आपल्या रागसंगीताचा अंश आहे, असे म्हणता येईल का? दुसरा: तालबद्ध यांनी वर्णन केलेली शिकण्याची पद्धत आपल्या घराण्यांसारखी आहे, असे समजावे का?

आल्तिन्यो

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण हा दावा समाजमाध्यमांवर वारंवार दिसतो आणि त्यात आपला अभिमान अधिक, पुरावा कमी असतो. रोमा लोकांची भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे आणि त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून पश्चिमेकडे गेले, हे भाषाशास्त्राने आणि अलीकडे जनुकशास्त्रानेही दाखवले आहे. परंतु हे लोक जिथे जिथे राहिले तिथले संगीत त्यांनी आत्मसात केले आणि ते आपल्या पद्धतीने वाजवले. म्हणून हंगेरीतील रोमांचे संगीत वेगळे, आंदालुसियातील वेगळे आणि पॅरिसमधील वेगळे. जँगोच्या संगीताची मुळे शोधायची तर ती पॅरिसच्या नाचघरांतील म्युझेत वॉल्ट्झमध्ये आणि अमेरिकेतून आलेल्या तबकड्यांत सापडतात. १९३१ मध्ये तुलाँ येथे एमिल साव्हित्री या चित्रकाराच्या घरी त्याने लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकल्या आणि तो हेलावून गेला, ही नोंद प्रसिद्ध आहे. त्याच्या रचनांत कॉर्ड्सची जी चाल आहे ती रागाच्या विस्ताराशी जुळवणे म्हणजे दोन्ही संगीतांवर अन्याय आहे.

खरा दुवा हवा असेल तर तो मुंबईत आहे, आणि तो रक्ताचा नसून रोजगाराचा आहे. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या नृत्यदालनात लिऑन अ‍ॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपापले संच घेऊन वाजवत होते. वेदरफर्डने १९३७ मध्ये पॅरिसला जाऊन ‘स्विंग’ या कंपनीसाठी पियानोवादन मुद्रित केले. ही कंपनी शार्ल दलोने याने त्याच वर्षी सुरू केली होती, आणि तिच्या पहिल्याच तबकडीवर कोलमन हॉकिन्स आणि बेनी कार्टर यांच्या साथीला जँगो होता. म्हणजे ताजमधील पियानो आणि जँगोची गिटार एकाच वर्षी एकाच कंपनीच्या मुद्रणांत आहेत. ताजच्या त्या अमेरिकन वादकांकडून ऐकून आणि त्यांच्यासोबत वाजवून आमच्या गोव्याच्या वादकांची एक पिढी जॅझ शिकली. त्यांतील चिक चॉकलेट आणि फ्रँक फर्नांड यांच्यासारखे कलावंत पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. एवढ्यावरून त्यांना जिप्सी जॅझचे वादक म्हणू नये. पण मुंबईतील नृत्यसंध्येचा श्रोता आणि पॅरिसमधील हॉट क्लबचा श्रोता एकाच लाटेवर होते, असे म्हणायला हरकत नाही.

आणि ग्रापेलीने १९८४ मध्ये एल. सुब्रमण्यम यांच्यासोबत एक ध्वनिमुद्रिका केली होती. दोन व्हायोलिन, दोन संपूर्ण वेगळ्या शिस्ती. सगळीच जमली आहे असे मला वाटत नाही, तरी ऐकावी.

तालबद्ध

दुसऱ्या प्रश्नाविषयी. घराण्याशी साम्य इतकेच की कान हाच मुख्य ग्रंथ आहे आणि शिक्षण कुटुंबातून वाहते. परंतु इथे गंडाबंधन नाही, गुरूने दडवून ठेवलेल्या चिजा नाहीत, आणि ‘अमुक राग अमुक वर्षे’ असा क्रम नाही. बहुतेक जुन्या वादकांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. जँगोलाही येत नव्हती, आणि आपल्या मोठ्या रचना तो क्लॅरिनेटवादक जेरार लेव्हेक याला सांगून लिहून घेत असे. विशेष म्हणजे आज ज्यांच्याकडे ही विद्या आहे ते ती बाहेरच्यांना देण्यात हात आखडत नाहीत. स्टोखेलोने तर इंटरनेटवर शाळाच काढली आहे.

शंकासुर

माझा आक्षेप थोडा मवाळ करतो, सोडत मात्र नाही. आता प्रश्न वेगळा विचारतो. सामवा येथील जँगोच्या नावाचा महोत्सव १९६८ मध्ये सुरू झाला, १९८३ पासून दरवर्षी होऊ लागला, आणि २०१६ च्या पुरानंतर तो फाँतेनब्लोच्या राजवाड्याच्या उद्यानात गेला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील व्हिडबी बेटावर असाच महोत्सव भरतो, मॅसॅच्युसेट्समध्ये उन्हाळी शिबिर भरते. या सर्व ठिकाणी मानुश आणि सिंती वादक पाहुणे असतात आणि बहुसंख्य वाजवणारे बाहेरचे असतात. संगीताला प्रतिष्ठा मिळाली, पण ज्यांचे ते आहे त्यांना मिळाली का?

तालबद्ध

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर बरेचसे ‘नाही’ असे आहे. फ्रान्समध्ये १९१२ च्या कायद्याने फिरत्या कुटुंबांतील प्रत्येकाला शरीराच्या मापांची नोंद असलेली पुस्तिका बाळगणे आणि ती पोलिसांना दाखवणे सक्तीचे झाले. १९६९ मध्ये तिची जागा दुसऱ्या परवान्याने घेतली आणि तोही रद्द झाला तो २०१७ मध्ये. म्हणजे महोत्सवाच्या मंडपात ज्या समाजाच्या संगीताला दाद मिळत होती, त्याच समाजाला मंडपाबाहेर अशा वेगळ्या कागदपत्रांवर फिरावे लागत होते. तरीही बाहेरच्या वादकांनी हे संगीत वाजवू नये, असे मला या वस्तीत कोणी म्हटलेले नाही. सामवामध्ये वाढलेली गायिका सिरील एमे लहानपणी महोत्सवाच्या वेळी तांड्यांवर पळून जात असे आणि तिथेच तिला संगीताची गोडी लागली, हे तिने अनेकदा सांगितले आहे. दार आतून उघडे असते. भाड्याने जागा देताना किंवा शाळेत प्रवेश देताना समोरचे दार उघडे असते का, हा खरा प्रश्न आहे.

नवशिका_सातारा

शेवटचा प्रश्न. माझ्याकडे साधी पोलादी तारांची गिटार आहे. सुरुवात कुठून करावी?

मंद्रसप्तक

नवी गिटार घेऊ नका. आहे त्याच गिटारवर जरा जाड नखी घ्या, तीन मिलिमीटरच्या आसपासची. ‘मायनर स्विंग’ सोळा मापांची रचना आहे आणि तिला मुख्यतः तीनच कॉर्ड लागतात: ए मायनर सिक्स्थ, डी मायनर सिक्स्थ आणि ई सेव्हन्थ. मेट्रोनोम ऐंशीवर लावून केवळ दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा तोडलेला आघात स्वच्छ येईपर्यंत वाजवा. खालून वरचा निसटता फटका इतक्यात घेऊ नका. तो अनेकजण आधी घेतात आणि मग लय घोड्यासारखी दौडू लागते.

ऐकण्यासाठी १९३७ चे मूळ मुद्रण, त्यानंतर जँगो आणि ग्रापेली यांनी १९४९ मध्ये रोमला केलेली मुद्रणे, आणि मग रोझेनबर्ग त्रयीची १९८९ ची ‘सेरेस्ता’. या क्रमाने ऐकल्यास साथीची पद्धत कशी बदलली, ते तानांकडे लक्ष न देताही कळेल. रोमच्या मुद्रणांत इटालियन पियानो, बास आणि ड्रम आहेत, साथीची गिटार नाही. तिच्यावाचून काय हरवते ते तिथे कळते, आणि म्हणूनच ती मधोमध ठेवली आहेत.

साताऱ्यात गिटार वाजवणारा एखादा मित्र असेल तर त्यालाही हेच तीन कॉर्ड शिकवा आणि आळीपाळीने साथ करा. ताना वाजवणारे पुष्कळ मिळतात, साथ देणाऱ्याला मात्र प्रत्येक बैठकीत आग्रहाने बोलावतात.